लांबलेला अधिक महिना

त्या वर्षी आमच्या सिंगापुरातल्या पुंगोलच्या घरात अधिक महिना तीन महिने चालला. पंचांगात तो नेहमीसारखा महिन्याभरात संपला होता. पुढचे दोन महिने तो मी लांबवला, सासूबाईंना कळू न देता. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

सासूबाई मिरजेच्या. सासरे गेल्यावर त्या तिथे एकट्याच राहत आणि मजेत राहत. मग एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा मोडला. नवरा धावत गेला, ऑपरेशन झालं, आणि चार-सहा आठवड्यांनी तो त्यांना व्हीलचेअरवरून विमानात घालून इकडे घेऊन आला. नीट चालायला लागलीस की परत नेऊन सोडतो, असं त्याने त्यांना कबूल केलं होतं. त्या चालायलाही लागल्या. आधी वॉकर, मग काठी. पण तोवर त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. दुपारी जेवलो की नाही हे चार वाजता आठवायचं नाही. भाजीत मीठ तीनदा पडायचं. नातीने फोन केला होता हे मी सांगितलं की त्या माझ्याकडे संशयाने बघायच्या.

एक गोष्ट मात्र पक्की होती. पितृपक्षाच्या आत मिरजेला पोचायचं. सासरे षष्ठीला गेले, म्हणून भाद्रपद वद्य षष्ठीला त्यांचं पान. त्या दिवशी सासूबाई पहाटे उंबरा धुवायच्या, पुढचं दार सताड उघडं टाकायच्या आणि स्वयंपाकाला लागायच्या. खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळूची भाजी. कावळा शिवेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. सासरे गेल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. एकदा अंगात ताप असतानाही त्यांनी स्वतः वडे तळले होते आणि शेजारणीला चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं.

मी म्हटलं, आई, इथेच करू की. पाहिजे ते सगळं मिळतं. नवरा म्हणाला, गुरुजींना व्हिडिओवर घेऊ, हल्ली सगळे तसंच करतात. त्यांनी आम्हा दोघांकडे अशी नजर टाकली, जणू आम्ही शाळेतली ढ मुलं आहोत.

"त्यांना हा ब्लॉक कसा सापडायचा? मलाच सापडत नाही."

आमच्या आजूबाजूला एकाच उंचीच्या, एकाच रंगाच्या इमारती आहेत. नवीन आले होते तेव्हा मी स्वतः दोनदा भलत्याच ब्लॉकच्या लिफ्टने वर जाऊन परक्या दाराला किल्ली लावली होती.

मग एकदा मी अंघोळीला गेले असताना त्या पर्स आणि काठी घेऊन खाली उतरल्या. मी ओल्या केसांनी सगळा परिसर पालथा घातला. खालचा मोकळा तळमजला, मुलांची घसरगुंडी, बसस्टॉप. शेवटी सापडल्या त्या एलआरटीच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या छोट्या ट्रेनच्या, स्टेशनवर. बाकावर बसून एका मलय बाईंना अगदी शांतपणे विचारत होत्या, मिरजेची गाडी इथेच लागते का. त्या बाईंनी त्यांचा हात धरून ठेवला होता. त्या हातामुळेच त्या मला सापडल्या. आमची एलआरटी गोल फिरते, जिथून चढाल तिथेच आणून सोडते. त्यामुळे त्या गाडीत बसल्या असत्या तरी फार तर फेरा मारून परत आल्या असत्या, असं मी नवऱ्याला हसत सांगितलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या दाराबाहेरच्या लोखंडी गेटला कुलूप आणलं.

किल्ली माझ्याकडे. समोरच्या चिनी आंटी लिफ्टकडे जाताना एकदा त्या कुलपाकडे आणि एकदा माझ्याकडे बघायच्या. मला ते फार लागायचं. मी काय तुरुंगाची अधिकारी होते? कुलूप लावलं की मीही आतच असायचे. नवरा बँकेत, महिन्यातले दहा दिवस तर जकार्ता नाहीतर हाँगकाँग. मुलगी शिकायला मेलबर्नला. मी आणि सासूबाई, चार खोल्या, आणि खिडकीतून दिसणाऱ्या दुसऱ्यांच्या खिडक्या.

त्या दिवसांत मला जगवलं ते इसवी सन पाचशे बावन्नने. हे ऐकून लोक हसतात, पण खरंच. लग्नाआधी मी कोल्हापूरला कॉलेजात इतिहास शिकवायचे. सिंगापूरला आल्यावर ते सुटलं ते सुटलंच. मग पुण्यातली माझी एक जुनी मैत्रीण आणि तिचे चार सहकारी मराठीत वर्षकोश करायला बसले. इसवी सनाच्या एकेका वर्षाची एकेक नोंद, जगभर त्या वर्षी काय घडलं आणि ते वर्ष कुणी कसं मोजलं. मैत्रिणीने माझ्या वाट्याला सहाव्या शतकातली काही वर्षं टाकली. त्यात पाचशे बावन्न मला सगळ्यात आवडलं. इटलीत एक गॉथ राजा लढाईत पडला. कोरियातल्या एका राजाने जपानच्या दरबारात बुद्धाची मूर्ती पाठवली, असं तिथली जुनी बखर सांगते. याच सुमाराला कुणी दोन साधूंनी रेशमाच्या किड्यांची अंडी पोकळ काठ्यांत लपवून पूर्वेकडून रोमन बादशहाकडे पोचवली म्हणतात. मी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसायचे. सासूबाई समोर वाती वळत बसायच्या.

पण घटनांपेक्षा मला छळलं ते नोंदीच्या डोक्यावरच्या भागाने. कालगणना. आपल्याकडे शके चारशे चौऱ्याहत्तर, हे सोपं. कलचुरी संवत तीनशे तीन की चार, यावर पंडितांची भांडणं. बदामीच्या किल्ल्याचा शिलालेख नऊ वर्षं आधीचा, त्यात शक दिलेला आहे. बदामी म्हटल्यावर सासूबाईंनी मान वर केली. आमची बनशंकरी, म्हणाल्या. मग मला बनशंकरीच्या जत्रेची गोष्ट ऐकावी लागली आणि खरं सांगायचं तर ती गोष्ट माझ्या पुस्तकांपेक्षा चांगली होती.

रोमनांचं मात्र मला कळेना. त्यांच्याकडे वर्षाला त्या वर्षीच्या कॉन्सलचं, म्हणजे वर्षापुरत्या नेमलेल्या बड्या अधिकाऱ्याचं, नाव द्यायची पद्धत. तर पाचशे एक्केचाळीसनंतर कुणा सामान्य माणसाला कॉन्सल नेमणंच बंद झालं. मग वर्षाला नाव काय द्यायचं? त्यांनी लिहायला सुरुवात केली, अमक्या कॉन्सलनंतरचं पहिलं वर्ष. अमक्यानंतरचं दुसरं. तिसरं. माझं पाचशे बावन्न हे त्याच माणसानंतरचं अकरावं. त्याच वर्षी अर्मेनियन लोकांनी मात्र नवीन गणना धरली आणि सरळ एकपासून मोजायला घेतलं. मला त्यांचा हेवा वाटला. मी स्वतः कुठल्या पंथातली, हे मला ठाऊक होतं. नोकरी सोडल्यानंतरचं एकविसावं वर्ष, मी मनाशी म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.

अधिक श्रावण लागला तो याच दिवसांत. तेव्हा तो खराच लागला होता. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सासूबाईंना तपासलं आणि म्हणाले, हाड छान जुळलंय, सोबत कुणी असेल तर विमानप्रवासाला हरकत नाही. घरी आल्यावर नवरा सोफ्यावर बसून राहिला. तिथे तिच्याजवळ कोण राहणार, म्हणाला. मग थोडं थांबून, तू? मला माहीत होतं की एकदा गेल्या की त्या परत यायच्या नाहीत, आणि मलाही परत येता यायचं नाही. इथे मी अडकले होते, पण निदान हे अडकणं माझ्या ओळखीचं होतं. माझी पुस्तकं इथे होती, मुलगी सुट्टीला इथे येत होती. पुढच्या वर्षी बघू, असं आमचं दोघांचं ठरलं. ठरलं म्हणजे दोघांपैकी कुणी नाही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई लुगड्याची घडी घालत म्हणाल्या, डॉक्टर हो म्हणाले ना, मग तिकिटं काढा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई, अधिक चालू आहे. निज लागला की जाऊ."

त्या थबकल्या. मग मान डोलावली. अधिकात मुक्काम हलवायचा नाही, हे त्यांच्या माहेरचं. त्यांनीच मला लग्नानंतर सांगितलं होतं, आम्ही घर बदलायला निघालो होतो तेव्हा. धोंड्याच्या महिन्यात घर हलवलं की बस्तान बसत नाही म्हणे. त्यांनी लुगडं परत कपाटात ठेवलं आणि विचारलं, आज तिथी कोणती. त्या दिवशी दिवसभर त्यांनी जाण्याचा विषय काढला नाही. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मी दुपारी झोपले.

तो महिना असा छान गेला. रोज विचारायच्या, रोज मी तेच सांगायचे, रोज त्यांना ते पटायचं. मग निज श्रावण लागला. सकाळी त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी कणीक मळत होते. आज प्रतिपदा, म्हटलं. कुठला महिना? आणि मी म्हणाले, अधिक श्रावण, आई.

इतकं सोपं होतं ते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं बारीक त्यांना वाचता येत नव्हतं. गणपती आमच्याकडे नाही, तो मिरजेला सासूबाईंच्या दिरांकडे बसतो. टीव्हीवर मी जुन्या मालिका लावून ठेवायचे. त्यांचा फोन आला की आधी मी आत जाऊन बोलायचे, आईंना काही सणाबिणाचं सांगू नका काका, उगाच तिकडे यायचा हट्ट धरतात, अशी तंबी द्यायचे आणि मग फोन सासूबाईंच्या हाती. आणि बाहेर बघून कळावं असं इथे काही नाहीच. मिरजेत त्यांना वाऱ्यावरून महिना कळायचा, बाजारातल्या भाजीवरून कळायचा. इथे बाराही महिने सात वाजता उजाडतं, सात वाजता मावळतं, दुपारी ढग येतात, पडतात आणि जातात. इथे एखादा महिना लपवून ठेवणं अवघड नाही.

तिथ्या मी खऱ्या सांगायचे. एकादशी म्हटलं की त्या उपास करायच्या, चतुर्थी म्हटलं की चंद्रोदयाची वेळ विचारायच्या. खोटा तेवढा महिना. त्यामुळे मला वाटायचं की मी अर्धंच खोटं बोलतेय. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की काय वाटेल ते पटवून घेतो.

भाद्रपद आला. पक्ष लागला. षष्ठी कधी आहे ते मला माहीत होतं, नवऱ्यालाही माहीत असावं, पण तो त्या आठवड्यात जकार्ताला होता आणि फोनवर आम्ही एसीच्या सर्व्हिसिंगबद्दल बोललो. त्या सकाळी सासूबाईंनी तिथी विचारली. मी षष्ठी म्हणाले. खोटं बोलवलं नाही. त्या वाती वळता वळता थांबल्या.

"अधिकातली ना?"

मी हो म्हणाले. मग मी टेबलावर जाऊन बसले आणि अकराव्या वर्षाबद्दल लिहिलेला परिच्छेद खोडून पुन्हा लिहिला. दुपारी त्यांच्या आवडीची खीर केली. त्यांनी विचारलं, आज काय आहे गं? मी म्हटलं, सहजच. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. माझी वाटी मी तशीच झाकून ठेवली. संध्याकाळी भांडी घासताना मी रडले, नळ मोठा सोडून.

त्यानंतर काहीतरी विचित्र झालं. मीच त्या महिन्यात राहायला लागले. षष्ठी होऊन गेली, आता लपवायचं काय उरलं होतं? तरी मी रोज अधिक श्रावण सांगत राहिले, आणि सांगता सांगता मला बाहेरचं काही दिसेनासं झालं. मैत्रिणीचा पुण्याहून मेसेज आला की नवरात्रापर्यंत नोंद दे, तर मला वाटलं, चिक्कार वेळ आहे. जी बाई दीड हजार वर्षांपूर्वीच्या रोमनांना हसत होती, तिची ही गत.

नाहीतर मी त्यांना त्या दिवशी लिटिल इंडियाला नेलंच नसतं. त्यांचा चष्मा सैल झाला होता, नाकावरून घसरायचा. सिरंगून रोडवरच्या गल्लीतला एक चष्मेवाला तो नीट करून देतो. कितीतरी दिवसांत त्यांना ब्लॉकच्या बाहेर नेलं नव्हतं, म्हटलं तेवढीच त्यांना मोकळी हवा. गेट उघडलं, कुलूप पर्समध्ये टाकलं. त्यांनी नवं पातळ नेसलं होतं. मेट्रोची गाडी पुंगोलहून थेट जाते, बदलावी लागत नाही. आम्ही दोघी चांगल्या गप्पा मारत गेलो. बनशंकरीच्या जत्रेतला पाळणा तुटला होता ती गोष्ट मी पुन्हा ऐकली.

सरकत्या जिन्याने वर आलो आणि रस्त्याला लागलो. डोक्यावर मोराच्या कमानी होत्या, एकामागून एक, पार लांबपर्यंत. दुपारची वेळ, दिवे लागलेले नव्हते, पण कमानी होत्याच. फुटपाथवर मांडव पडले होते. तोरणं, आकाशकंदील, रांगोळीचे डबे, मिठाईचे खोके. माझे पाय जागीच थांबले. मी त्यांचा दंड धरून त्यांना पलीकडच्या गल्लीत वळवायला बघितलं, पण त्या एका मांडवापुढे उभ्या राहिल्या होत्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी हात पुढे करून चाचपलं. पणती होती. त्यांनी ती उचलली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, शेजारची उचलली. मांडवातली तमिळ बाई हिंदीत म्हणाली, ले लो अम्मा, दिवाली के लिए.

सासूबाईंनी पणती खाली ठेवली.

"अधिकात दिवाळी कशी गं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं, विसरतील. पाच मिनिटांनी चष्मेवाल्याकडे बसलो की विसरतील. माझ्या मनात हे आलं याची मला आजही लाज वाटते. चष्मेवाल्याने चष्मा नीट करून दिला, त्या घालून बसल्या. परत येताना मोतीचुराचे लाडू घेतले, त्यांनी पुडी मांडीवर धरली. गाडीत बसलो. ती गाडी सबंध जमिनीखालून जाते, खिडकीबाहेर नुसता काळोख. त्यांनी डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा ठेवून मोजायला सुरुवात केली. श्रावण, भाद्रपद, आश्विन. मग पुन्हा पहिल्यापासून. जेवण विसरणारी ती बाई, पण महिने मोजताना तिचा अंगठा एकदाही चुकला नाही. दोन-तीन स्टेशनं गेली. मग हात मांडीवर ठेवला.

"म्हणजे पक्ष होऊन गेला," त्या म्हणाल्या. "ह्यांची षष्ठी होऊन गेली."

मी म्हटलं, हो आई. समोरचा एक कॉलेजचा मुलगा मोबाईलवरून डोळे उचलून आमच्याकडे बघायला लागला आणि मग त्याने ते खाली घातले.

"सर्वपित्रीला तरी सांगायचं होतंस. अमावास्येला कुणाचंही चालतं."

रागाने नाही म्हणाल्या. मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं म्हणाल्या. त्या मला चार माणसांत फाडफाड बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. उलट मीच बोलत सुटले. डॉक्टरांचं, नवऱ्याच्या कामाचं, मिरजेला एकटं राहता येणार नाही याचं, माझंही. मला तिथे अडकायचं नव्हतं, हेही सांगून टाकलं. हे मी नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. लाडवाच्या पुडीची गाठ त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

"ते येऊन गेले असतील," त्या म्हणाल्या. "दार बंद बघून."

घरी आलो. मी गेट उघडलं आणि मागे तसंच ठेवलं. त्या आत जाऊन पलंगावर बसल्या, मी त्यांच्या पायांतल्या चपला काढल्या. तिथेच खाली बसून मी नवऱ्याला फोन लावला आणि म्हटलं, मी आईंना घेऊन मिरजेला जातेय, पुढच्या आठवड्यात, लागेल तितके दिवस राहीन. तो काहीतरी म्हणत होता ते मी पुरतं ऐकलं नाही. फोन ठेवला आणि त्यांना सांगितलं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, जाऊ या आपण, आई, मी येते बरोबर, तिकिटं आत्ता काढते.

त्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला. जाण्याचा ध्यास लागल्यापासून ज्या एका गोष्टीसाठी त्या दिवसातून दहादा माझ्या मागे लागायच्या, ती मी त्यांना आता देत होते.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आता काही घाई नाही."